जयवंताबाईंची परवा

जामबागेतल्या जयवंताबाईंना तुमचं लग्न कधी झालं असं विचारलं तर त्या म्हणत, "परवा तर झालं." त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नंही परवाच झाली होती. मुसी नदीला पूर येऊन निम्मं शहर वाहून गेलं ते परवा, आणि मांजरीनं दुधाचं पातेलं पालथं केलं तेही परवा. पुराच्या वेळी त्या स्वतः परभणीकडे पाळण्यात होत्या, ही अडचण त्यांना कधी अडचण वाटली नाही.

हा दोष त्यांच्या एकट्यांचा नव्हता. हैदराबादच्या दखनी बोलीत 'परसों' म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. आठवडा असो की तीस वर्षं, काल नसेल तर ती परसों. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांनी हा ऐसपैस अर्थ उचलला आणि आपल्या परवाला देऊन टाकला. शिवाय या शहरात तारखा तरी किती होत्या. जयवंताबाईंचे यजमान एकनाथराव अदालतीत कागदांच्या नकला उतरवत. त्यांचा महिना सरकारी फसली सनाचा, कधी आबान तर कधी अमरदाद. शेजारच्या पाशाबी चंद्र बघून महिना मोजत. जयवंताबाईंना तिथी ठाऊक, तीही एकादशी आणि संकष्टीपुरती. वर्तमानपत्राच्या डोक्यावर आणखी वेगळीच तारीख. अशा ठिकाणी नेमका दिवस विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. त्यापेक्षा परवा बरी.

मराठीतली परवा पुढच्या बाजूलाही चालते, याचाही बाईंना फायदा झाला. पुढे संस्थानाचे तीन तुकडे होऊन मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला, तेव्हा नांदेडच्या जावयांनी कळवलं, आता इकडे या, आपल्या माणसांत. बाईंनी निरोप पाठवला, परवा येते. आणि त्या शेवटपर्यंत जामबागेतच राहिल्या.

गोदावरीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातून त्या लग्न होऊन या शहरात आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच भाव पाडून घ्यावा. वाचता येत नसे, पण गल्लीत कुणाकडे काय चाललं आहे ते त्यांना त्या घरच्या माणसांआधी कळे. एका लहानशा अंगणाच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं होती. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला वहीदमियाँ आणि त्यांच्या पत्नी पाशाबी. मध्ये एक नळ.

वहीदमियाँ घड्याळजी होते. कोठीच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक बाहेर उभं राही आणि फक्त मनगट आत जाई. मिनिटाला जपणारा हा माणूस जयवंताबाईंचा शेजारी झाला, यात कुणाचा तरी खट्याळपणा असावा. एकनाथरावांच्या भिंतीवरचं घड्याळ दर महिना-दोन महिन्यांनी बिघडे. वहीदमियाँ येऊन ते नीट करीत आणि दर वेळी विचारत, भाभी, याला कुणी हात लावतं का? बाई म्हणत, नाही बाबा. खरी गोष्ट अशी, की एकनाथराव कचेरीला निघायला वेळ लावत आणि बाईंना घर झाडायची घाई असे, म्हणून त्या रोज बोटानं मोठा काटा पुढे ढकलत. वहीदमियाँना हे पहिल्याच वर्षी समजलं होतं. तरी ते दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे विचारत, आणि बाई तेवढ्याच गंभीरपणे खोटं बोलत. दोन घरांचं याहून चांगलं कसं जमायचं?

देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हैदराबादला ते मिळालं नाही. शेजारच्या गावात लग्न असावं आणि आपल्याला नुसती सनई ऐकू यावी, तसं ते वर्ष गेलं. निजामाचं राज्य निजामाकडेच राहावं म्हणून खाकी वर्दीतले रझाकार रस्त्यातून कवायत करत जात. संध्याकाळ तेवढीच मोठी असे, दारं मात्र लवकर लागत. एकनाथराव शेरवानीवर लाल रुमी टोपी घालून कचेरीला जायचे ते तसेच जात राहिले, फक्त भिंतीला धरून. अंगणात राजकारण बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण नळावर दोन्ही घरं फक्त पाण्याविषयी बोलत, आणि इतकं पाण्याविषयी बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग पुढच्या वर्षी, पाऊस संपता संपता, हिंदुस्थानची फौज आली. शहरात सगळे तिला पोलिस ॲक्शन म्हणू लागले. चार-पाच दिवसांत सगळं उलटं झालं. रझाकार दिसेनासे झाले, आणि पांढऱ्या टोप्या इतक्या वेगानं उगवल्या की त्या आदल्या आठवड्यात कुठे होत्या हे विचारायची सोय राहिली नाही. एकनाथरावांनी आपली रुमी टोपी खुंटीवरून काढली आणि डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. घट्ट बसली, असं ते म्हणाले.

त्याच सुमारास बाईंचा धाकटा भाऊ उमाजी गावाकडून आला. एक पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच त्याच्याजवळ होतं. त्याच्या गावावर उन्हाळ्यात रझाकार आले होते. त्यांनी जोंधळा उचलून नेला, कडब्याच्या गंजी पेटवल्या, त्या आगीत गाव जळालं, आणि वेशीत आडवे झालेल्या नामदेवरावांना गोळी घातली. नामदेवराव म्हणजे बाईंचे आणि उमाजीचे चुलतभाऊ. त्या दिवसापासून उमाजी सीमेपलीकडच्या छावणीत होता. पूर्वी हा मुलगा हसायला लागला की त्याला थांबवावं लागे. आता तो अंगणात बसून नुसता नळाकडे बघे. पाशाबी पाणी भरायला आल्या की उठून आत जाई. बाईंनी एकदा समजावलं, हे लोक तसे नाहीत रे. उमाजी म्हणाला, गंज पेटवणारेही कुणाचे तरी शेजारीच होते, अक्का.

काही दिवसांनी, सकाळच्या वेळी, दोन शिपाई आणि पांढऱ्या टोपीवाले काही स्वयंसेवक आले आणि वहीदमियाँना घेऊन गेले. जाताना वहीदमियाँनी एका गिऱ्हाइकाचं उघडलेलं घड्याळ रुमालात बांधून पाशाबींच्या हातात दिलं आणि हलवू नका म्हणून बजावलं. ते रझाकारांपैकी आहेत, अशी तक्रार होती. कुणाची ते कुणी सांगेना. संशयितांना कोठीजवळच्या एका रिकाम्या शाळेत ठेवलं होतं. चौकशी होऊन नाव मोकळं झालं तर घरी, नाहीतर लांबच्या जिल्ह्यातल्या तुरुंगात. तिथे गेलेला माणूस कधी परत येईल, हे शिपायालाही ठाऊक नव्हतं. पुढची टोळी आठवडाअखेरीस निघणार होती. पाशाबींनी चूल पेटवणं सोडलं. बाई भाकरी नेऊन देत आणि त्या ती ताटाखाली झाकून ठेवत.

एकनाथरावांचं मत पडलं की आपण सरकारी माणसं, आपण यात पडू नये. बाईंनी विचारलं, कुठल्या सरकारची? एकनाथरावांना ते नक्की सांगता येईना. तेव्हा बाई चौकडीचं लुगडं नेसून एकट्याच निघाल्या.

चौकशीचे अधिकारी पुण्याहून आले होते. त्यांचं नाव मुकुंदराव, पण सगळे त्यांना पुणेकर साहेब म्हणत. चेहरा दमलेला, चष्मा स्वच्छ. दिवसभर दुभाष्यामार्फत उर्दू आणि तेलुगू ऐकून कान किटलेला तो माणूस मराठी ऐकून जरा सैलावला आणि म्हणाला, आपण बसा. बाईंना माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. त्यांनी आपलं माहेर, नवऱ्याची नोकरी, मुलींची सासरं आणि जामबागेतल्या नळाची वेळ हे सगळं सांगून टाकलं. साहेबांनी धीर धरून ऐकलं आणि मग विचारलं, वहीद यांना शेवटचं घरात कधी पाहिलं?

"परवा," बाई म्हणाल्या. "आमच्या घड्याळाचा लंबक सैल झाला होता. नीट करून, दोन भाकरी खाऊन गेले."

"परवा?"

"हौ. परवाच."

"बाई, मागच्या आठवड्यापासून ते आमच्या कोठडीत आहेत."

"हौ ना. म्हणून तर आले मी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी बाईंना काही साधे प्रश्न विचारले, माणूस शुद्धीवर आहे की नाही हे बघायला विचारतात तसे. फौज शहरात कधी आली? परवा. आपण जामबागेत राहायला कधी आलात? परवाच की. साहेब म्हणाले, आपली भाषा एक आहे म्हणून मी ऐकून घेतो आहे, पण अशी खोटी साक्ष देण्यानं तुमच्या शेजाऱ्याचं काही भलं होणार नाही. आणि मग, थोडं चिडून, थोडं कीव येऊन, त्यांनी तक्रार काय आहे ते सांगितलं. वहीद यांना खाकी वर्दीत, हातात काठी, तोंडात शिट्टी, गल्लीतल्या लोकांना हुकूम सोडताना तक्रारदारानं डोळ्यांनी पाहिलं. तेही परवा, म्हणजे तक्रारीच्या दोनच दिवस आधी, फौज शहरात आल्यानंतर. रझाकारांनी शस्त्रं खाली ठेवल्यावरही जो वर्दी घालून फिरतो, तो साधा माणूस नव्हे.

बाई म्हणाल्या, असं सांगणारा खोटारडा आहे, त्याला माझ्यासमोर आणा.

"तो तुमच्याच घरात राहतो," साहेब म्हणाले. "तुमचे बंधू."

जयवंताबाई त्या दिवशी बोलणं अर्धं सोडून उठल्या. जामबागेपर्यंतच्या वाटेत दोन ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांच्याशीही बोलल्या नाहीत. बाई बोलत नाहीत ही बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली आणि लोक काळजीत पडले.

घरी आल्यावर त्या उमाजीकडे गेल्या नाहीत. पाशाबींच्या उंबऱ्यावर बसल्या आणि विचारलं, वहीदभाईंकडे शिट्टी कुठून आली? पाशाबी दचकल्या. मग त्यांनी चुलीकडे बोट दाखवलं. जपानच्या लढाईच्या वेळची वहीदमियाँची खाकी वर्दी ट्रंकेत पडून होती. फौज आल्याचं कळलं त्या दुपारी पाशाबींनी घाबरून ती चुलीत घातली. कापड जळालं, बटणं राहिली, ती विहिरीत टाकली. वहीदमियाँनी साहेबांना खरं तेच सांगितलं होतं, की वर्दी लढाईतल्या कामाची होती. साहेबांनी विचारलं, आता कुठे आहे? ते म्हणाले, जाळली. त्यानंतर त्यांच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. ते काम देणारं दफ्तरही लढाई संपल्यावर कधीच बंद झालं होतं.

"भाभी, मैंच जलाई," पाशाबी म्हणाल्या. "मेरे हाथों से गए वो."

आता बाईंना सगळं दिसायला लागलं. जर्मनी-जपानची लढाई चालू होती तेव्हा हैदराबादवरही विमानं येतील म्हणून भोंगा वाजला की दिवे मालवायचा सराव चाले. प्रत्येक मोहल्ल्यात एकेक माणूस नेमलेला असे. वहीदमियाँनी ते काम आपण होऊन मागून घेतलं, कारण भोंगा ठरल्या मिनिटाला वाजे आणि या शहरात ठरल्या मिनिटाला होणारी ती एकच गोष्ट होती. खाकी वर्दी घालून, काठी घेऊन ते शिट्टी मारत गल्लीतून फिरत. जयवंताबाईंच्या चुलीचा उजेड दिसला की दारात येऊन शिट्टी. एकदा बाईंनी आतून सांगितलं होतं, पुरण शिजतंय, जपानला जरा थांबायला सांगा.

आणि उमाजी तेव्हा इथे होता. काही महिने, बहिणीकडे. त्यानं पाहिलं होतं. खोटं तो बोललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, वहीदभाईंना वर्दीत पाहिलंस ते खरं का? उमाजीनं ताट बाजूला सारलं. आता भांडण होणार असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, पाहिलं. कधी? परवा. बाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, चल मग, पुण्याच्या साहेबांना तुझी-माझी परवा कळेना.

"मी खोटं बोललो नाही, अक्का."

"मी कुठं म्हटलं खोटं? खरं बोललास तेच पुन्हा सांगायला चल."

खरं बोललेल्या माणसाला नाही कसं म्हणता येणार? तो उठला.

साहेबांनी बाईंना बघितलं आणि त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. त्यांनी उमाजीला विचारलं, वार कोणता होता? उमाजीला सांगता येईना. सकाळ की संध्याकाळ? संध्याकाळ. मग कोणती संध्याकाळ? परवा. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि मला दिवस हवा आहे, असं प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. उमाजी घामाघूम झाला. त्याला दिवस लपवायचा नव्हता. खरोखरच सापडत नव्हता. गाव जळल्यापासून खाकी रंग दिसला की त्याला गंजींचा धूर आठवे, आणि धूर कालचाच होता, मग वर्दी परवाचीच असणार. मध्ये वर्षं गेली असतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, साहेब, मी विचारू का? साहेबांनी हातानं खूण केली. विचारा, आता एवढंच राहिलंय.

"उमाजी," बाई म्हणाल्या, "त्या परवाला आई होती का रे?"

"आईचं काय इथं?"

"होती का नव्हती, तेवढं सांग."

खोलीत दुभाष्या होता, दाराशी शिपाई होता, खिडकीतून कोठीच्या बाजाराचा गलका येत होता. उमाजी आठवू लागला. गाव जळलं तेव्हा आई नव्हती. बरं झालं नव्हती, असं तो छावणीत किती वेळा म्हणाला होता. मग ही वर्दी, ही शिट्टी, आणि अंगणातल्या बाजेवर बसलेली आई, हे एका संध्याकाळचं कसं?

"होती," तो म्हणाला.

मग तो आपण होऊन सांगू लागला, साहेबांना नाही, बहिणीला. आईला मोतीबिंदूसाठी शहरात आणलं होतं, तोच घेऊन आला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. भोंगा झाला, वहीदमियाँ शिट्टी मारत गेले, सगळे दिवे गेले, गल्ली चिडीचूप झाली. आईनं विचारलं, एवढं गप्प का झालं सगळं? उमाजीनं सांगितलं, सगळ्यांनी दिवे मालवलेत.

"तर आई म्हणाली," उमाजी म्हणाला, "माझ्या एकटीच्या डोळ्यांसाठी सगळ्या शहरानं दिवे मालवले? चांगली हायत रे इथली माणसं."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. साहेब हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी बहीण-भावाला विचारलं, आपल्या मातोश्री कधी वारल्या?

"परवा," दोघंही एकदमच म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण आता ते शिकले होते. त्यांनी तारीख विचारली नाही. त्यांनी विचारलं, त्या वारल्या तेव्हा जपानची लढाई चालू होती का? हौ, चालू होती. निजामाचं राज्य होतं? हौ. रझाकारांची गावात काही धामधूम? तेव्हा कुठली, उमाजी म्हणाला, तेव्हा गावात फक्त पटकी आली होती. साहेबांनी टाक उचलला आणि उमाजीला म्हणाले, म्हणजे आपण तक्रार मागे घेता.

उमाजीनं मान हलवली. मागे घ्यायला तो तयार नव्हता.

"पाहिलं ते पाहिलं, साहेब. मागं कशाला घेऊ? दिवस तेवढा बदला."

"दिवस बदलला तर तक्रार उरतच नाही."

उमाजीच्या गावच्या राखेला अजून कुणी तक्रारदार भेटला नव्हता, गोळी घालणारा माणूस कुठे होता हे कुणाला माहीत नव्हतं, आणि हाताशी सापडलेला एकच माणूस आता सुटत होता. बाईंना वाटलं, हा आता नाही म्हणेल. म्हणाला असता तर त्यांनी त्याला दोष दिला नसता.

"मग नका उरू देऊ," उमाजी म्हणाला.

दुपारी वहीदमियाँना बाहेर आणलं. दाढी वाढलेली, पायांवर सूज, हातात वळकटी. साहेबांच्या टेबलाशी त्यांनी सही केली, मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं सांगितलं, हुजूर, आपकी घड़ी पीछे है. साहेब म्हणाले, या शहरात मला तसं पहिल्या दिवसापासून वाटतंय.

फाटकाबाहेर उमाजी उभा होता. तक्रार कुणाची होती हे वहीदमियाँना आतच कळलं होतं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्यासाठी जेवढी मेहनत लागते तेवढी दोघांनीही घेतली. बाई मध्ये उभ्या राहून बोलत होत्या: वळकटी ओली कशी, जेवायला काय देत होते, पाशाबीनं काही खाल्लं नाही. वहीदमियाँ चार पावलं चालले आणि भिंतीला टेकले. पाय टाकवत नव्हते.

बाईंनी हाक मारून सायकलरिक्षा थांबवली. रिक्षात दोनच माणसं बसत. वहीदमियाँना एकट्याला सोडणं बरं नव्हतं, वाटेत तोल गेला तर धरायला कुणीतरी हवं. बाई बसल्या असत्या, पण परपुरुषाला खेटून कोठीच्या बाजारातून जायचं म्हणजे जामबागेला वर्षभराचा विषय. त्यांनी भावाकडे पाहिलं. उमाजी म्हणाला, मी चालत येतो. बाई म्हणाल्या, चालत मी येते. त्यांनी वळकटी रिक्षाच्या पायथ्याशी टाकली, वहीदमियाँना बसवलं आणि उमाजीच्या पाठीला हात लावून त्याला वर ढकललं, लहानपणी बैलगाडीत ढकलत तसंच. रिक्षा निघाली. दोन पाठी लांब जाताना त्यांना दिसल्या, मध्ये चार बोटांची फट.

त्या दिवशीही बाई कोठीहून जामबागेपर्यंत कुठेही न थांबता चालल्या. वाटेत भाजीवालीनं हाक मारली, तिला हात करून पुढे. अंगणात शिरल्या तेव्हा पाशाबींचं दार लोटलेलं होतं आणि आतून डोक्यावर तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. चुलीचा धूर छपरातून निघाला होता. उमाजी नळाजवळच्या दगडावर बसला होता.

बाईंनी धापा टाकतच विचारलं, वाटेत काय बोलले?

"काही नाही."

"एवढ्या वाटेत काहीच नाही?"

उमाजीनं नळाची तोटी उघडून हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसलं.

"माझ्यासाठी सरकून बसले," तो म्हणाला.

जयवंताबाईंचं एवढ्यावर समाधान होणं शक्य नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, आणि दुसऱ्या बाजूचं काय म्हणणं आहे ते ऐकायला पाशाबींचं दार वाजवलं.